वागणुकीची अडचण असलेल्या मुलाला स्लीपओव्हरला पाठवावं का? पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी पुण्यातल्या एका शाळेत समुपदेशक आहे आणि घरी अतिचंचलता असलेल्या मुलाची आई आहे. तो आता १५ वर्षांचा आहे. शुक्रवारी दुपारनंतर मला फोन यायला लागतात: "मॅडम, मित्राकडे राहायला बोलावलंय, पाठवू का?" परीक्षा संपल्या की हे फोन वाढतात. खालचे प्रश्न त्या फोनांमधलेच आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत.

अतिचंचलता, स्वमग्नता, टोकाचा राग, मारकुटेपणा, झोपेचे त्रास, या सगळ्याला मी इथे 'वागणुकीची अडचण' म्हटलं आहे. निदान झालेलं असो वा नसो, रात्र काढायची असते ती त्या वागण्यासोबतच.

१. हे स्लीपओव्हर प्रकरण नवीनच आहे ना? आमच्या लहानपणी असं कुठे होतं?

होतं की. मे महिन्यात मामाकडे मुक्काम असायचा. वाड्यातली सगळी पोरं गच्चीवर एका सतरंजीवर झोपायची. पण त्या घरांना मूल जन्मापासून माहीत असायचं. "हा रात्री दचकून उठतो, याला भिंतीकडच्या बाजूला घ्या" हे आत्याला सांगावं लागत नव्हतं. आता बोलावणारं घर शाळेतल्या मित्राचं असतं, वाकडच्या किंवा खराडीच्या कुठल्या तरी टॉवरमध्ये, आणि त्या मित्राच्या आईला तुम्ही शाळेच्या फाटकाशी दोनदा भेटलेल्या असता. पूर्वी जी माहिती आपोआप असायची ती आता तोंडाने सांगावी लागते. पुढची निम्मी उत्तरं त्याबद्दलच आहेत.

२. कितव्या वर्षापासून पाठवायला हरकत नाही?

वाढदिवस मोजून ठरवू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनवरून एक गोष्ट दाखवली. मेंदूच्या बाह्य आवरणाच्या वाढीचा जो टप्पा इतर मुलं साधारण साडेसाताव्या वर्षी गाठतात, तो अतिचंचल मुलं साडेदहाच्या सुमारास गाठतात. वाढीचा क्रम तोच असतो, फक्त उशीर होतो, आणि सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात होतो. थांबणं, स्वतःला आवरणं, पुढचा विचार करणं ही त्या भागाची कामं. म्हणून वर्गातली ९ वर्षांची मुलं सर्रास मित्रांकडे राहत असली, तरी तुमच्या ९ वर्षांच्या मुलाला अजून दोन-तीन वर्षं लागली तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

मी तीन गोष्टी बघते. दमलो, भूक लागली, भीती वाटते हे त्याला शब्दांत सांगता येतं का? आईबाबा सोडून दुसऱ्या मोठ्या माणसाकडे तो मदत मागतो का? आणि भडकल्यावर कुणीतरी साथ दिली तर पंधरा-वीस मिनिटांत जागेवर येतो का? तिन्हींना 'बहुतेक वेळा' असं उत्तर आलं की मी प्रश्न ३ कडे जाते.

३. मग ठरवायचं कसं? पाठवावंसं वाटतं आणि पोटात गोळाही येतो.

एक कागद घ्या. संध्याकाळी ७ ते सकाळी १० असे तास एकाखाली एक लिहा. प्रत्येक तासापुढे तीन गोष्टी लिहा: या वेळेला घरी काय बिनसतं, बिनसलं की तुम्ही काय करता, आणि तुम्ही करता ते त्या घरातलं माणूस करू शकेल का.

सात वाजता पोचल्याचा आनंद असतो आणि आवाज चढलेला असतो. आठ वाजता जेवण. आमटीत टोमॅटोची साल दिसली तर ताट सारणारं मूल असेल तर ते लिहा. नऊ वाजता खेळ, आणि हरल्यावर काय होतं ते. दहा वाजता दिवे बंद. झोप लागेपर्यंतचा अर्धा-पाऊण तास अनेक मुलांना सर्वांत कठीण जातो, कारण तेव्हा हाताला काम नसतं आणि डोकं पळत असतं. मध्यरात्री उठतो का, उठून कुठे जातो? पहाटे पाचला जाग आली आणि घर झोपलेलं असेल तर तो काय करेल? हा शेवटचा प्रश्न पालक नेहमी विसरतात.

एका आईने असा कागद करून आणला होता. मुलगा १० वर्षांचा. टेबलफॅनच्या आवाजाशिवाय झोप नाही. त्यावर उत्तर सोपं होतं, टेबलफॅन सोबत द्यायचा. कॅरममध्ये हरला की स्ट्रायकर फेकतो. तेही सोपं, कॅरम काढायचाच नाही. पण रात्री दोनच्या पुढे तिने लिहिलं होतं की तो अर्धवट झोपेत उठून मुख्य दाराची कडी काढतो आणि जिन्यात जातो. घरी तिने वर एक जास्तीची कडी बसवली होती. दुसऱ्याच्या घरी तसं करता येणार नव्हतं, आणि अनोळखी जागी झोप कमी झाली की झोपेत चालणं वाढतं. चौदा तास ठीक होते, एका तासाला उत्तर नव्हतं. त्या वर्षी पाठवायचं नाही असं ठरलं. त्या बाईंना वाईट वाटलं, पण कारण हातात होतं आणि ते मुलालाही सांगता आलं.

मूल शहाण्यासारखं वागेल का, असं मला सगळे विचारतात. याचं उत्तर कुणाकडेच नसतं. वागणं बिघडलं तर काय करायचं हे त्या घरात कुणाला तरी माहीत आहे का, याचं उत्तर मात्र एका फोनमध्ये मिळतं. निर्णय त्या उत्तरावर घ्या.

४. समोरच्यांना किती सांगायचं? सगळं सांगितलं तर मुलावर शिक्का बसेल.

निदानाचं नाव सांगायचं की नाही हा तुमच्या कुटुंबाचा प्रश्न आहे, आणि मूल दहा-बारा वर्षांचं असेल तर त्यालाही विचारून ठरवा. वागणं मात्र सांगायलाच हवं. "जरा मस्तीखोर आहे हं" एवढं पुरत नाही. मस्तीखोर तर सगळीच मुलं असतात, त्यातून त्या घराला काय करायचं ते कळत नाही.

आधी फोनवर बोला, वर्गाच्या ग्रुपवर नाही. मग रात्री त्यांना परत बघता यावा म्हणून छोटा मेसेज पाठवा. मी पालकांना असा काहीतरी मजकूर देते:

"ताई, हा फार उत्साहात आला की आवाज वाढतो आणि धक्काबुक्की होते. तेव्हा 'शांत बस' म्हटलं की जास्त चिडतो. 'चल, मला पाण्याच्या बाटल्या भरू लाग' असं काम दिलं की पाच-दहा मिनिटांत निवळतो. रात्री हार-जितीचे खेळ नकोत. गॅलरीचं दार कडी लावून ठेवा. झोपताना कुणी पाठीवर हात ठेवलेला त्याला आवडत नाही. काहीही वाटलं तर फोन करा, कितीही वाजले असले तरी. मी वीस मिनिटांत पोचते."

यात काय होतं, काय करू नये, काय करावं आणि तुम्ही किती लांब आहात, हे सगळं येतं. मेसेज मित्राच्या बाबांनाही पाठवा. अनेकदा आईला सगळं ठाऊक असतं आणि रात्री अकराला मुलावर ओरडतात ते बाबा, ज्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं.

शिक्क्याच्या भीतीने न सांगण्याची चूक मी स्वतः केली आहे. ती प्रश्न १८ मध्ये आहे.

५. सांगितलं आणि त्यांनी "मग राहू द्या" म्हटलं तर?

तर वाईट वाटेल. आणि ते घर तयार नव्हतं हे रात्री बाराच्या ऐवजी दुपारी चारला कळेल. मुलाला "तुझ्यामुळे नको म्हणाले" असं सांगू नका. "त्यांना या वेळी जमत नाहीये" एवढंच पुरे. मग त्या मित्राला तुमच्या घरी बोलवा (प्रश्न ६).

६. एकदम रात्रभर पाठवायची छाती होत नाही. मधला काही मार्ग?

आहे, आणि बहुतेकांनी तिथूनच सुरुवात करावी. मी त्याला 'अर्धा मुक्काम' म्हणते. मूल संध्याकाळी जातं, तिथे जेवतं, रात्रीचे कपडे घालतं, दात घासतं, गाद्या घालायला मदत करतं आणि दहा वाजता तुम्ही घ्यायला जाता. त्याला मुक्कामाची सगळी मजा मिळते आणि अंधारातला अवघड भाग घरी येतो. हे आधीच ठरलेलं असल्यामुळे लवकर परतणं हरल्यासारखं वाटत नाही.

त्याच्याही आधी तुमच्या घरी एक मित्र राहायला बोलवा. एकच, दोन नाहीत. तिघं झाले की एक जण बाजूला पडतो, आणि तो बहुधा आपलाच असतो. आपल्या घरी मुलाला आपली खोली, आपली खेळणी वाटून घ्यावी लागतात, त्यामुळे भांडणं जास्त होतील. होऊ द्या, तुम्ही शेजारच्या खोलीत आहात. जी दोन-तीन खेळणी वाटून घेता येणारच नाहीत ती मुलाला विचारून आधी कपाटात ठेवा.

७. आजी-आजोबांकडे पाठवलं तर ते धरायचं का?

जरूर धरा. पण आजीच्या घरी नियम सैल असतात. बारा वाजेपर्यंत टीव्ही चालतो, जेवणाऐवजी शिरा मिळतो, आणि "लहान आहे, कळेल मोठा झाला की" म्हणून सगळं पोटात घातलं जातं. ते प्रेम मुलाला हवंच. फक्त तिथली शांत रात्र बघून मित्राच्या घरची रात्र तशीच जाईल असं समजू नका. मावशी, आत्या, काका यांची घरं त्या मानाने चांगली परीक्षा घेतात, कारण तिथे चुलत-मावस भावंडं असतात आणि वाटून घ्यावं लागतं.

उलटही होतं. काही आजोबांना अजून वाटतं की दोन रट्टे दिले की सगळं ताळ्यावर येतं. तिथे हात उचलला जाणार नाही याची खात्री नसेल तर घर रक्ताच्या नात्याचं असलं तरी नको.

८. औषधं चालू आहेत. त्या रात्री काय करायचं?

डॉक्टरांना न विचारता डोस वाढवायचा नाही, बंद करायचा नाही, वेळ बदलायची नाही. "आज राहायला जायचंय म्हणून संध्याकाळी अजून एक गोळी" हे तर अजिबात नाही.

अतिचंचलतेसाठी दिल्या जाणाऱ्या मेथिलफेनिडेटचा परिणाम साध्या गोळीचा साधारण ४ तास आणि दीर्घ परिणामाच्या गोळीचा ८ ते १२ तास टिकतो. म्हणजे शाळेत बाईंना दिसलेलं शांत मूल संध्याकाळी मित्राच्या घरी पोचतं तेव्हा औषध उतरलेलं असतं, आणि उतरताना काही मुलं जास्तच किरकिरी होतात. दिवसभर दबलेली भूकही तेव्हाच उसळते. रात्री साडेनऊला परत जेवायला मागेल हे त्या काकूंना सांगून ठेवा, सोबत दोन पराठे द्या. उशिरा घेतल्यास हे औषध झोप उडवतं, म्हणूनही वेळेशी खेळ नको.

रात्रीचं औषध असेल तर एकाच डोसची पुडी, नाव आणि वेळ लिहून, मोठ्यांच्या हातात द्या. मुलाच्या बॅगेत पूर्ण पट्टी ठेवू नका, त्या घरात इतरही मुलं आहेत. नवीन औषध सुरू झालंय किंवा डोस बदललाय, तर ते अंगवळणी पडेपर्यंत मुक्काम पुढे ढकला.

फिट येत असतील तर वेगळा विचार करा. अपुरी झोप हे फिट येण्याचं ओळखीचं कारण आहे, आणि स्लीपओव्हरला झोप पुरी होत नाही. तिथे न्यूरॉलॉजिस्टना विचारूनच ठरवा.

९. मुलगी ९ वर्षांची आहे, अजून कधी कधी अंथरूण ओलं होतं. तिला स्वतःलाच जायची भीती वाटते.

वयाच्या पाचव्या वर्षी १०० पैकी साधारण १५ आणि दहाव्या वर्षी १०० पैकी साधारण ५ मुलांचं अंथरूण ओलं होतं. अतिचंचल मुलांत हे प्रमाण आणखी जास्त असतं. तिला हे आकडे सांगा. वर्गात आपण एकटीच आहोत असं तिला वाटत असतं.

सोबत स्लीपिंग बॅग द्या. झोपताना आत शिरून पुल-अप (चड्डीसारखा डायपर) घालता येतो आणि सकाळी आतच बदलून पिशवीत टाकता येतो. गडद रंगाची पँट आणि एक जास्तीचा जोड द्या. यजमान काकूंना एकट्यात सांगा, मैत्रिणीसमोर नाही. काही डॉक्टर अशा रात्रींसाठी डेस्मोप्रेसिन (रात्रीची लघवी कमी करणारी गोळी) देतात. ते दिलं तर आधी घरी वापरून बघा आणि पाण्याचं पथ्य काटेकोर पाळा. गोळीच्या तासभर आधीपासून पुढचे ८ तास पाणी अगदी कमी, कारण जास्त पाणी प्यायल्यास रक्तातलं सोडियम घसरून फिट येऊ शकते. मध्यरात्री सरबताच्या पार्टीचा बेत असेल तर मी ही गोळी टाळेन.

१०. मोबाइल द्यायचा का?

फोन करता येण्यापुरता साधा फोन चालेल. स्मार्टफोन नको. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. स्क्रीन उशाशी असली तर ती मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवसाचं सगळं वागणं त्या न झालेल्या झोपेतून येतं. त्या घरी रात्री स्क्रीन कधी बंद होते हे विचारा. विचारताना संकोच वाटतो, तरी विचारा.

११. मध्यरात्री फोन आला तर?

जा. आणि जाण्याची तयारी पाठवण्याआधी करा: गाडीत पेट्रोल आहे का, धाकट्याजवळ कोण थांबेल, त्या सोसायटीच्या वॉचमनला तुमचा गाडीनंबर कळवलाय का. पहिल्या दोन-तीन वेळा मी रात्री वीस मिनिटांत पोचता येईल असंच घर निवडायला सांगते. हडपसरला राहणाऱ्यांनी हिंजवडीतल्या मित्राकडे पहिला मुक्काम करू नये.

मुलासोबत एक सांकेतिक वाक्य ठरवा. मित्रासमोर "मला घरी यायचंय" म्हणायला मुलं लाजतात. "आई, माझी निळी वही सापडली का?" असं म्हटलं की तुम्ही समजायचं आणि "अरे, सकाळी लवकर निघायचंय, मी घ्यायला येते" असं सांगून निघायचं. परतताना गाडीत चौकशी नको. "बोलावलंस ते बरं केलंस" एवढं म्हणा आणि झोपू द्या.

१२. तिकडून आल्या आल्या घरी आकांडतांडव. ते म्हणतात किती गुणी मुलगा आहे! मग तिकडे कसा गुणी?

रात्रभर त्याने स्वतःला धरून ठेवलेलं असतं. घरी सैल सोडता येतं म्हणून तो सोडतो. दुसरा दिवस रिकामा ठेवा: क्लास नाही, पाहुणे नाहीत, पोटभर जेवण आणि झोप. रविवारी सकाळी परत येऊन दुपारी मुंजीला जायचं असेल तर त्या शनिवारी पाठवू नका.

१३. सुरक्षिततेचं काय? "गुड टच, बॅड टच" शिकवलंय, तेवढं पुरे का?

पुरे नाही. रात्री त्या घरात कोण कोण असणार हे विचारा. मोठा दादा, गावाहून आलेले पाहुणे, घरात राहणारा मदतनीस, सगळे. मुलं कुठे झोपणार, दार उघडं असेल का, आईबाबा स्वतः घरी असणार का की नऊनंतर लग्नाच्या रिसेप्शनला जाणार? आपल्याकडे हे विचारणं म्हणजे संशय घेणं समजतात. मी असं म्हणते: "सगळ्यांनाच विचारते हो, माझी सवयच आहे." खरंच सगळ्यांना विचारते, त्यामुळे ते खोटंही ठरत नाही.

आपल्या मुलांच्या बाबतीत एक जास्तीचा धोका असतो. जे मूल नेहमी खोड्या काढतं, कधी थापाही मारतं, त्याच्यावर कुणी पटकन विश्वास ठेवत नाही. गैरफायदा घेणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. म्हणून घरी वारंवार सांगा: "तू दिवसभर मला चिडवलं असशील, तरी या बाबतीत तू सांगशील ते मी आधी खरं मानेन." आणि सांगितलं तर तसं वागा. कोणतंही गुपित आईबाबांपासून ठेवायला सांगणारा मोठा माणूस चुकतोय, हेही शिकवा.

काही घडल्याची शंका आली तर मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. चाइल्डलाइन १०९८ वर चोवीस तास मदत मिळते. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे, आणि त्यात असा प्रकार कळलेल्या व्यक्तीवर तो पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. 'आपसात मिटवू' हा पर्याय कायदा देत नाही.

१४. स्पष्ट 'नाही' कधी म्हणायचं?

गेल्या काही महिन्यांत मूल घरातून पळालं असेल, आगीशी खेळलं असेल, स्वतःला इजा केली असेल किंवा जगायचं नाही असं बोललं असेल, लहान मुलाला किंवा प्राण्याला लागेल असं मारलं असेल, तर मुक्काम नको. त्या घरात तान्हं बाळ आहे आणि तुमचं मूल रागात हाताला येईल ते फेकतं, तरी नको. तिथे प्रश्न दुसऱ्याच्या मुलाचाही असतो.

आणि 'नाही' म्हणून थांबू नका, मदत घ्या. मुलाच्या डॉक्टरांशी बोला. डॉक्टर अजून नसतील तर रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात मुलांच्या विकासाच्या अडचणींसाठी केंद्र आहे, ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री मन घाबरलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतून बोलता येतं. पालकही बोलू शकतात.

१५. आठवडाभर नीट वागला तर पाठवू, असं सांगितलंय. बरोबर ना?

माझं मत विरुद्ध आहे. आठवडाभर 'नीट' वागणं हे त्याच्या हातात पूर्ण नसतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी शाईची बाटली सांडली म्हणून शनिवारचा मुक्काम गेला की त्यात त्या मित्राचीही शिक्षा होते. तयारी बघून ठरवा. रद्द करायचंच असेल तर कारण त्या रात्रीशी जोडलेलं हवं: ताप आहे, दोन रात्री झोप नाही, प्रश्न १४ मधलं काही घडलंय.

१६. धाकटीला सारखी बोलावणी येतात. मोठ्याला एकही नाही. तो विचारतो, "मला का नाही बोलावत?"

हा फोन आला की माझ्याकडे पटकन उत्तर नसतं. मी तो प्रश्न माझ्या मुलाच्या तोंडून ऐकलेला आहे.

धाकटीचं जाणं थांबवू नका. ती ज्या रात्री जाईल ती रात्र मोठ्याची करा. सिंहगड रोडला जाऊन भेळ खा, उशिरापर्यंत पत्ते खेळा, काहीही, पण फक्त त्याचं. आणि बोलावण्याची वाट बघण्यापेक्षा एक मित्र हेरा. वर्गातला सर्वांत लोकप्रिय मुलगा नाही. जो त्याच्या शेजारी बसून डबा वाटून खातो, बहुतेक तोही गप्पगप्पच असतो, तो. दिवाळीच्या सुट्टीत त्याला किल्ला करायला बोलवा. माती, दगड, पोती, हळीव पेरायचे, मावळे मांडायचे, या सगळ्यात तोंडाने बोलावं कमी लागतं आणि हातांना काम असतं. आमच्या घरातली पहिली मैत्री किल्ल्याच्या चिखलात झाली. तीन दिवस तो मुलगा रोज आला, चौथ्या दिवशी त्याच्या आईने विचारलं, "आज इथेच राहिला तर चालेल का?"

१७. शाळेचं निवासी शिबिर आहे. शाळा म्हणते "तुम्ही सोबत या, नाहीतर नका पाठवू."

शिबिर आणि स्लीपओव्हर वेगळे. तिथे पन्नास मुलं असतात, डॉर्मिटरीत आवाज असतो, दिवसभराची चढण असते. त्यात वेळापत्रक पक्कं असतं, आणि ते आपल्या अनेक मुलांना मानवतं. प्रश्न ३ चा कागद घेऊन वर्गशिक्षकांना भेटा आणि रात्री कोणत्या शिक्षकाकडे किती मुलं आहेत ते विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आहेत, अतिचंचलता स्वतंत्रपणे नाही. पहिल्या दोन्हींपैकी एकाचं प्रमाणपत्र असेल तर शाळेशी लेखी बोला. मूल तयार असेल आणि शाळा पालकाला जवळच्या गावात थांबू देत असेल, तर मी तो मार्ग घेईन. डॉर्मिटरीत आई झोपलेली मुलाला आवडत नाही.

१८. एकदा पाठवलं आणि फार वाईट झालं. परत पाठवायचं का?

माझा मुलगा ८ वर्षांचा असताना कर्वेनगरमध्ये मित्राकडे राहायला गेला. मी त्याच्याबद्दल काहीही सांगितलं नव्हतं. पहिलंच बोलावणं होतं, ते परत गेलं असतं तर, या भीतीने. रात्री सव्वाअकराला फोन आला. सगळे झोपल्यावर हा उठला, गॅलरीत गेला, आणि खाली कुत्री का भुंकतात ते बघायला कुंडीवर चढून कठड्यावरून वाकला. तिसरा मजला. मित्राचे बाबा पाणी प्यायला उठले होते म्हणून दिसला. मी पोचले तेव्हा त्यांचे हात अजून थरथरत होते. ते चिडले नाहीत. म्हणाले, "ताई, सांगितलं असतंत तर आम्ही दार लावून घेतलं असतं."

त्यानंतर दीड वर्ष मुक्काम नाही. अर्धे मुक्काम केले, मग चिंचवडला माझ्या बहिणीकडे, मग परत मित्राकडे. त्या दीड वर्षात मी नवीन काही शिकवलं असेल तर ते मुलापेक्षा स्वतःला: फोन उचलायचा आणि सांगायचं.

तुम्हीही असंच मागे जाऊन नेमका कोणता तास बिघडला ते शोधा. त्या घरची माफी मागा, नुकसान झालं असेल तर भरून द्या, जमल्यास मुलाला सोबत नेऊन. मग त्या एका तासावर काम करा.

१९. गणपतीत मित्राकडे बोलावलंय. चालेल?

आवाजाने त्रास होणाऱ्या मुलाला पेठांमधल्या घरी त्या दहा दिवसांत पहिल्यांदा पाठवू नका. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, मध्यरात्री घ्यायला जाताना गाडी रस्त्यावरच अडकेल. मोदकांची मात्र धास्ती नको. साखरेने मुलं उधळतात हे अभ्यासांमध्ये दिसून आलेलं नाही. उधळतात ती गर्दी आणि जागरणाने.

२०. आमच्याकडे असं मूल राहायला येणार आहे. त्याच्या आईने सगळं मोकळेपणाने सांगितलं. आम्ही काय करावं?

हा प्रश्न फार कमी येतो, आणि आला की मला फार बरं वाटतं.

तिने सांगितलेलं दोनदा वाचा आणि न कळलेलं विचारा. तुमच्या मुलाला एवढंच सांगा की त्याला मोठ्या आवाजाचा त्रास होतो, किंवा हरल्यावर त्याला थोडा वेळ लागतो. आल्या आल्या त्याला घर दाखवा: बाथरूम कुठे, रात्रीचा दिवा कुठे, पाणी कुठे, आणि रात्री उठवायचं झालं तर कोणतं दार वाजवायचं. गॅलरी आणि गच्चीचं दार बंद करा, औषधं आणि काडेपेटी वर ठेवा. भडकला तर कमी बोला, इतर मुलांना दुसऱ्या खोलीत न्या, जवळ पण हातभर लांब बसा. काही तुटलं तर झाडून घ्या, कोण चुकलं ते सकाळी बघा.

रात्री साडेदहाला त्याच्या आईला एक मेसेज करा: "जेवला, झोपलाय." ती फोन हातात घेऊन बसलेली असते.